दोन बाया, एक पोर

टिलबर्ग, मंगळवार, १२ मे २०२०

जयंतीस,

पुढे आशीर्वाद लिहू का, असं नीरजा विचारतेय. मी म्हटलं, लिही. नको असले तर ती परत पाठवेल. टपाल नाहीतरी बंदच आहे, येताना-जाताना दोन्हीकडे अडकतील.

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून तुला आधी वाटेल, अक्का गेली आणि कुणीतरी कळवतंय. नाही गेले. रांगेत पुढे मीच उभी होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पिशवी भरून. मधेच चव्वेचाळीस वर्षांचा माणूस घुसला आणि पुढे निघून गेला. लहानपणापासून त्याला रांग कधी पाळता आली नाही.

अक्षर माझ्या सुनेचं आहे. तू तिला एकदाच पाहिलंस, तेही मुंडावळ्यांच्या आडून. इंजिनियर बाई आहे, दिवसभर कंप्युटरवर टकटक करते, पण हाताने मराठी लिहायचं म्हटलं की दर चार ओळींना बोटं मोडते. तिला मी बजावलंय, माझ्या तोंडून येईल ते सगळं उतरवायचं, गाळायचं काही नाही. पत्र लिहिणाऱ्यांनी मला एकदा फसवलंय. तूच गं! मी वखारीच्या ओट्यावर बसून सांगायचे, ‘आईला लिही, सासू छळते.’ आणि तू लिहायचीस, ‘सासूबाईंची प्रकृती ठीक आहे, त्या मला फार जपतात.’ ते मला वीस वर्षांनी कळलं, भावाने ट्रंकेतली पत्रं काढून वाचून दाखवली तेव्हा. म्हणूनच आई कधी मला न्यायला आली नाही. सातवी शिकलेली जाऊ असण्याचे तोटे.

आता कामाचं. चंद्रहासने नीरजाच्या फोनवर तुझा निरोप पाठवला होता. ‘आई विचारते, सारंगने शेवटी काही म्हटलं का? कुणाची आठवण काढली का?’ त्या निरोपाला महिना झाला. नीरजाने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. तू माझा आवाज ऐकून फोन ठेवशील म्हणून नव्हे. तू ठेवणार नाहीस याची भीती वाटली.

तर उत्तर असं. त्याला धाप होती. तो फार बोलला नाही.

नीरजा पेन थांबवून माझ्याकडे बघतेय. लिही गं. “आई, तुम्ही त्यांना कशाला सांभाळून घेताय?” असं म्हणाली. हेसुद्धा लिहिलंस? बरं. गाळू नको असं मीच सांगितलं होतं.

बाकीचं तुला चंद्रहासने सांगितलं असेलच. मी फेब्रुवारीत आले, तीन महिन्यांसाठी. सारंग कामाला इथून रोज आइंडहोव्हेनला जायचा, कंप्युटरच्या आत बसतात त्या चिपा बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात. मी आले तेव्हा इकडचा शिमगा चालू होता, सगळं गाव हिरवे-नारिंगी कपडे घालून बँड वाजवत होतं. मी म्हटलं, इथे आपलंच राज्य दिसतंय. पंधरा-वीस दिवसांत सगळं बंद. मग सारंगला ताप, मग नीरजाला. तिचा उतरला. त्याला गाडी येऊन घेऊन गेली. सत्तावीस मार्चला त्याला झोपेचं औषध देऊन यंत्रावर ठेवलं, आणि अकरा एप्रिलला तो गेला. त्या पंधरा दिवसांत कुणाला भेटू दिलं नाही. निरोप द्यायला सात माणसं होतो, खुर्च्या अशा लांब लांब की एकमेकींचा हात धरता येऊ नये.

आज त्याच्या अस्थी घरी आल्या. इथे महिनाभर दहनगृहवाल्यांकडेच ठेवायचा कायदा आहे. मृण्मयीने, त्याच्या लेकीने, विचारलं, “आजी, बाबा आता कुठे ठेवायचा?” नऊ वर्षांची पोर. मराठी कळतं तिला, पण उत्तर देते डचमध्ये. एवढा प्रश्न मात्र तिने मराठीत विचारला.

तुझी
अक्का

टिलबर्ग, रविवार, २४ मे २०२०

जयंतीस,

पहिलं पत्र टेबलाच्या खणात आहे. टपाल सुरू झालं की दोन्ही बरोबर येतील. तू आधी हे वाचलंस तरी चालेल, यात मजा आहे.

काल आम्ही तिघी चर्च बघायला गेलो. इथे आपली मंडळी त्याला कॅथेड्रलच म्हणतात. सारंग म्हणायचा, बिशपची खुर्ची असेल तरच कॅथेड्रल, नाहीतर नुसतं मोठं चर्च. मला खुर्ची दिसली नाही, पण दोन मनोरे आहेत, आणि त्यांच्या टोकाकडे बघताना माझा पदर डोक्यावरून पडला. एवढं उंच असेल तर कॅथेड्रल म्हणायला कुणाची हरकत असावी?

फेब्रुवारीत सारंगने मला तिथे नेलं होतं. आत शिरल्यावर मी दहा मिनिटं गप्प बसले. तू मला ओळखतेस, म्हणजे काय झालं असेल ते बघ. सगळे खांब वर जाऊन फांद्यांसारखे एकमेकांत मिसळतात, आणि काचांमधून लाल-निळा उजेड फरशीवर सांडतो. मी म्हटलं, “किती जुनं असेल रे हे?” तर हसला. म्हणाला, “फसलीस ना! हे जुनं नाही आई, मुद्दाम जुन्यासारखं बांधलंय. खरी जुनी सहाशे वर्षांची असतात, हे दीडशेसुद्धा नाही. याला निओ-गॉथिक म्हणतात.”

“म्हणजे खोटंच की.”

“खोटं कसं? एवढी वर्षं लोक इथेच लग्नं लावतात, इथेच रडतात. आता ते खरंच झालं.”

तो मला चर्चची माहिती देत होता की आणखी काही सांगत होता, कोण जाणे. मी म्हटलं, चल, पाय दुखले.

तर काल. आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात. दारात एक म्हातारी बसली होती, माझ्याच वयाची, हातात लांब काठी. मला वाटलं कुत्र्यांसाठी. ती दीड मीटरची काठी निघाली. कुणी जवळ आलं की मधे धरायची. मी नीरजाला म्हटलं, ही काठी आपल्या सासूला मिळाली असती तर तिने सोवळ्यात किती मजा केली असती! जयंती, तू हसलीस ना? खरं सांग.

आत कोरीव लाकडाची कपाटं आहेत, माणूस बसेल एवढी. वखारीत चाळीस वर्षं काढली, लाकूड बघितलं की माझा हात जातोच. ओक म्हणतात त्याला इकडे, सागासारखं तेल नाही पण अंगाने भक्कम. मधे जाळी आहे. नीरजाने सांगितलं, जाळीच्या अलीकडे माणूस आपलं पाप सांगतो, पलीकडे पाद्री ऐकतो आणि कुणाला सांगत नाही. मी म्हटलं, आपल्याकडे त्यासाठी जाऊ असते. फक्त ती सगळ्यांना सांगते.

मेणबत्त्या लावायला एक कोनाडा आहे. काठीवाली खुणेने सांगत होती, शेजारच्या ज्योतीवरून पेटव. मी नाही म्हटलं. ज्योतीने ज्योत लावायची नसते, आपल्यात अपशकुन. मृण्मयीने तिला डचमध्ये काय सांगितलं देव जाणे, बाईने खिशातून काडेपेटी काढून दीड मीटरवरून माझ्याकडे फेकली. मी झेलली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

मग ती मूर्ती दिसली. कोपऱ्यात, रंगवलेल्या लाकडाची. दोन बाया शेजारी शेजारी बसलेल्या, एक थोरली, डोक्यावरून पदर घेतलेली, एक धाकटी, केस मोकळे. आणि दोघींच्या मधे एकच पोर. पोर बसलंय धाकटीच्या मांडीवर, पण हात दोन्ही थोरलीकडे. थोरलीने फळ पुढे केलंय.

मी म्हटलं, “अगं बाई, इथेही जावा!”

मृण्मयीने काठीवालीला विचारलं. “आजी, ती म्हणते, ती ओमा आहे. ॲना. ही तिची मुलगी मारिया, आणि हा येशू.” ओमा म्हणजे यांची आजी.

मी म्हटलं, “तिला सांग, तुझी माहिती चुकलीय. आई आणि मुलगी अशा बसत नाहीत. ती थोरली बघ कशी बसलीय, आमिष दाखवून पोर ओढतेय. ही जाऊच आहे. आणि ती धाकटी बघ, हसतेय, पण हात पोराच्या पोटावर घट्ट.”

मृण्मयी हसत सुटली. काठीवालीही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. मीही हसले. फार हसले. नीरजाने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मेणबत्त्यांच्या धुराने डोळ्यांची फार आग होते.

एवढंच. मजेचं पत्र आहे म्हणून सांगितलं होतं.

अक्का

टिलबर्ग, मंगळवार, २६ मे २०२०

जयंतीस,

तीन दिवस ती मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही. त्या कारागिराने धाकटीचा हात असा का कोरला असेल? त्याच्या घरातही कुणाची ओटी भरली होती काय?

नीरजाला ती गोष्ट वरवर माहीत आहे. आज तिला सगळी सांगतेय, म्हणजे आपोआप तुलाही. तू म्हणशील, मला काय सांगतेस, मी तिथेच होते. हो, होतीस. पण मी काय पाहिलं ते तुला ठाऊक नाही.

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, कूस उजवली नाही. तुला चंद्रहास होता आणि मग सारंग झाला. चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी आपल्या दोघींना स्वयंपाकघरात बसवलं. माझ्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, आणि त्यावर तुला तुझ्या हातांनी ते पोर घालायला लावलं. “आजपासून हा थोरलीचा. तू काकू.” तू नाही म्हणाली नाहीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही विचारलं. मी नारळ बाजूला केला आणि पोर वर घेतलं, नारळ त्याला टोचेल म्हणून. तेव्हापासूनच मी चांगली आई.

दुसऱ्या दिवशी तुला तीन महिन्यांसाठी माहेरी पाठवायचं ठरलं. सगळ्यांना वाटतं ते सासूबाईंनी ठरवलं. ते मी ठरवलं. मी त्यांना म्हटलं, हिचं दूध आटेपर्यंत ही या घरात नको. तू टांग्यात बसलीस तेव्हा पोर आत रडत होतं, आणि तुझी चोळी भिजली होती. तू पदर घट्ट ओढून घेतलास. मी ते पाहिलं आणि टांगेवाल्याला म्हटलं, चल, हाक.

नीरजाने आत्ता पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललंय.

लग्नातलं तर तुला पाठ असेल. सारंगने व्याह्यांना परस्पर सांगून ठेवलं होतं, वरमाईचे पाट दोन मांडा, पाय दोघींचे धुवा. मला मंडपात गेल्यावर कळलं. दोन पाट, दोन पैठण्या, आणि तू न्हाऊन-माखून, घाबरत घाबरत, एका पाटाशी उभी. मी म्हटलं, “हा दुसरा पाट कुणाचा? उचला. ओटीत घातलेलं पोर परत मागायचं नसतं.” तू काही मागितलं नव्हतंस गं. उभी होतीस फक्त. न जेवता चालत एसटी स्टँडला गेलीस म्हणे, उन्हाची. सारंग मुंडावळ्या तशाच ठेवून तुझ्यामागे धावणार होता. मी त्याचा हात धरला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा, हसायचा, पैसे पाठवायचा, डॉक्टरकडे न्यायचा. सगळं करायचा. तुझं नाव मात्र त्याने माझ्यासमोर कधी काढलं नाही. मी खूश होते. मला वाटलं, विसरला.

आज नीरजा म्हणते, बस झालं, हात दुखला. खरं तर तिचे डोळे दुखलेत. तिला तुझा राग आहे, जयंती, गेले दोन महिने. या गोष्टीने तो जरा हलला असं मला वाटतं. राग का आहे, ते तिलाच ठाऊक आहे, आणि मला.

अक्का

टिलबर्ग, मंगळवार, २ जून २०२०

जयंती,

आज आशीर्वाद नाही, काही नाही. 

आम्ही दोघी त्या चर्चमध्ये बसलोय. मीच नीरजाला म्हटलं, वही घेऊन चल, पत्राचं शेवटचं पान तिथे लिहू. तिला वाटलं म्हातारीची लहर. मृण्मयी शाळेत गेलीय, अर्ध्या दिवसाची सुरू झालीय. बाकांवर दीड-दीड मीटरवर चिकटपट्ट्या लावल्यात, पण एका घरच्यांना शेजारी बसता येतं, म्हणून नीरजा माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय, आणि समोर त्या दोघी त्यांचं एक पोर घेऊन बसल्यात.

तू विचारलं होतंस, त्याने शेवटी काही म्हटलं का. मी लिहिलं, फार बोलला नाही. ते खोटं होतं.

नीरजा, लिही. थांबू नको. आज काहीही झालं तरी थांबू नको.

सत्तावीस मार्च, शुक्रवार. हॉस्पिटलातून फोन आला, आता याला झोपवणार, त्याआधी घरच्यांशी बोलू देतो. आयपॅडवर आला. नीरजा वरच्या खोलीत तापात होती. आधी ती बोलली त्याच्याशी. मग तिने आयपॅड जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि मी तो उचलला, कारण आम्ही एकमेकींच्या जवळ जायचं नव्हतं. मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं. पाच मिनिटं, असं ती नर्स म्हणाली होती. पिशवीत गुंडाळल्यासारखी दिसत होती बिचारी, पण आवाज गोड होता.

त्याच्या नाकातोंडावर नळ्या. मला म्हणाला, “आई, जेवलीस का?” मी म्हटलं, “साडेदहाला कोण जेवतं?” तर हसला. मग म्हणाला, “आई, तुझ्या फोनवरून काकूला लाव. आणि तो फोन या आयपॅडसमोर धर. मला तिला बघायचंय.”

माझा फोन तुला ठाऊक नसेल. मला अक्षरं कळत नाहीत म्हणून त्याने प्रत्येकाचा फोटो लावून दिलाय. चेहऱ्यावर बोट ठेवलं की फोन लागतो. मी आले त्याच दिवशी त्याने त्यात तुझा फोटो घातला होता. “कधी लागलं तर,” एवढंच म्हणाला. फोटोत तुझे केस पांढरे होते. अंगावर इकडचा निळा लोकरी कोट होता. तेव्हाच मला कळलं की तो तुला भेटतो, दर खेपेला, मला न सांगता, आणि तुला इथून कोट नेतो. मला त्याने शाल आणली होती. त्या फोटोवर मी पूर्ण महिनाभर बोट पडू दिलं नव्हतं.

त्याने सांगितलं तेव्हा फोन माझ्या हातात होता. तुझा चेहरा समोर होता. एक बोट ठेवायचं होतं.

मी मनात म्हटलं, पाच मिनिटं आहेत. मी याला चव्वेचाळीस वर्षं वाढवलंय. ही पाच मिनिटं माझी आहेत.

मी फोन कानाला लावला, न लावताच. थोडा वेळ धरून ठेवला. मग म्हटलं, “लागत नाही रे. वाजतोय, पण उचलत नाही.”

नीरजाने वही मिटलीय.

नीरजाने वही पुन्हा उघडलीय. मी तिला म्हटलं, बोल, मला काय बोलायचं ते बोल. ती म्हणाली, “आई, तुम्ही मला जिन्यावरून सांगितलंत, काकूंनी फोन उचलला नाही. मी दोन महिने त्या बाईला शिव्या देतेय. त्यांनी काय विचारलं होतं? एकच गोष्ट विचारली होती. मी उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही.” मग म्हणाली, “तुम्ही मलाही यात घेतलंत.” हे सगळं तिने स्वतःच लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं.

आता ती उठून पुढच्या चिकटपट्टीवर जाऊन बसलीय. ती काठीवाली लांबून खुणा करतेय, एका घरच्यांना लांब बसायची गरज नाही, जवळ बसा. तिला कोण सांगणार? मला आता मोठ्याने बोलावं लागतंय आणि इथे आवाज घुमतो. दोन माणसं वळून बघतायत. बघू देत. त्यांना मराठी कुठे येतं?

जयंती, तू विचारलं होतंस ना, त्याने काही म्हटलं का? आता ऐक. ‘उचलत नाही’ म्हटल्यावर तो रागावला नाही, रडला नाही. त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथे त्याने माझ्यासाठी तिकडच्या वेळेचं घड्याळ लावलंय. तिकडे तीन वाजले होते. म्हणाला, “झोपली असेल. तीनला डोळा लागतो तिचा, तेव्हा फोन आतल्या खोलीत असतो. चारला उठते, चहा टाकते. तू तिला चारला लाव आई. सांग, मी फोन केला होता. सांग, तिला बघायचं होतं.”

मी म्हटलं, “सांगते.”

“नक्की?”

“नक्की. तू आता बोलू नको, दमशील.”

मग ती नर्स आली. त्याने हात वर केला, असा, आणि पडदा काळा झाला.

चार वाजले तेव्हा मी घड्याळाखालीच बसले होते. काटा चारवर आला, पुढे गेला. मी स्वतःला सांगितलं, तो बरा होऊन स्वतःच सांगेल, आपण कशाला मधे पडा? दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. पंधरा दिवस रोज एक चार वाजत होते. आणि नंतर तो गेल्यावर तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं?

तू उठली असशील त्या दिवशी. चहा टाकला असशील. फोन आतल्या खोलीतून बाहेर आणून ठेवला असशील, कुणाचा आला होता का बघितलं असशील. कुणाचाच आला नव्हता.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा, आणि मग माझं ओझं तुझ्याच डोक्यावर. अस्थी घेऊन नीरजा विमानं सुरू झाली की तुझ्याकडे कराडला येईल. मी येणार की नाही ते तू सांगशील तसं. तू ‘नको’ म्हणालीस तर मी इथे बसेन.

हे टपालाने जायचं नाही. नीरजाला सांगितलंय, चारही पत्रांचे फोटो काढून चंद्रहासला पाठव, आणि त्याला बजाव, स्वतः वाचत बसू नको, आधी आईच्या हातात फोन दे. ती हो म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण म्हणाली.

आणि तिला एकच विनंती केलीय. शेवटच्या ओळी तिने सुवाच्य लिहाव्यात, म्हणजे तुला चष्मा शोधावा लागणार नाही.

चार वाजलेत असं समज, जयंती.

सारंगचा फोन होता. त्याला तुला बघायचं होतं.